एच पायलोरीचा १४ दिवसांचा कोर्स: १८२ गोळ्या, साडेतीन स्टार

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू हॉटेलचा नाही, हॉटेलात जाणं बंद झालं म्हणून जे करावं लागलं त्याचा आहे. पोटात एच पायलोरी नावाचा जंतू असतो, तो मारायला चार औषधांचा एक कोर्स देतात, तो मी यावर्षी पूर्ण केला. सहा वर्षांपूर्वी ह्याचाच धाकटा भाऊ, सात दिवसांचं किट, अर्धवट सोडलं होतं, त्यामुळे दोन्ही बाजू माहितीयेत. डॉक्टर आणि लॅबची नावं मुद्दाम टाकत नाहीये, कारण एकीवर माझा राग आहे आणि तो पुढे निघणारच आहे.

मी नाशिकचा, सातपूरला कंपनीत क्वालिटीला आहे, तीन शिफ्ट. पोटाचं म्हणाल तर गेली आठेक वर्षं हेच रडगाणं, अर्धी भाकरी खाल्ली की पोट डब्ब, ढेकर एकदा सुरू झाले की थांबायचं नाव नाही, आणि नाईटला पहाटे तीनच्या सुमारास छातीच्या खाली बेंबीच्या वर एक जागा आहे ना तिथे कुणीतरी आतून कुरतडतंय असं वाटायचं, मग कॅन्टीनमधला एक पाव खाल्ला की गप्प. नाशिकमध्ये राहून रविवारी मिसळ खायची नाही म्हणजे काय असतं ते नाशिककरालाच कळेल. सगळी गँग झणझणीत हाणायची आणि मी समोर बसून जिलेबी नि ताक. आमच्या मातोश्रींचं निदान ठरलेलं, "जागरणं आणि बाहेरचं खाणं, दुसरं काय." बायकोचं निदान, "अहो तुम्ही टेन्शन फार घेता." दोघींच्या औषधांनी आमच्या फ्रिजवरची जागा भरली होती, सूतशेखर, अविपत्तिकर चूर्ण, आवळ्याचा रस, कोकम, ओवा-काळं मीठ, आणि माझं आपलं पॅन्टोप्राझोल, म्हणजे ॲसिड कमी करणारी गोळी, जी मी मेडिकलमधून शेंगदाणे आणावेत तशी आणायचो. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू, पण गोळी बंद केली की चौथ्या दिवशी परत तेच.

सहा वर्षांपूर्वी गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासून "पायलोरी पॉझिटिव्ह" म्हणून किट दिलं होतं. एका दिवसाची एक स्ट्रिप, सकाळी तीन गोळ्या संध्याकाळी तीन. पाचव्या दिवशी गावची यात्रा, सिन्नरकडे आमचं गाव, आता यात्रेला मटण आणि मटणाबरोबर जे असतं ते, आणि किटवर स्पष्ट लिहिलेलं की दारू चालणार नाही. मी किट बंद केलं. हो, दारू नाही, किट बंद केलं. वर तोंड इतकं कडू झालं होतं की कारण सापडल्याचा आनंदच झाला. वाटलं पाच दिवस घेतलंय, मेले असतील बरेचसे. या एका शहाणपणाची किंमत यावर्षी भरली, ती कशी ते सांगतो.

यावर्षी त्रास वाढला, वजन तीन किलो उतरलं, तेव्हा बायकोने स्वतःच पोटविकारवाल्या मॅडमची अपॉइंटमेंट घेतली. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, कंबरेसाठी वगैरे पेनकिलर घेता का. (घेत होतो, आयब्युप्रोफेन, आठवड्यातून दोनतीनदा. बंद केलं.) मग काळी शी, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, घरात कुणाला पोटाचा कॅन्सर, हे सगळं एकेक करून विचारलं, आणि वजन उतरलंय म्हटल्यावर म्हणाल्या एंडोस्कोपी करू. मी जुना रक्ताचा रिपोर्ट पुढे केला तर त्यांनी तो पाहून बाजूला ठेवला. रक्तात अँटीबॉडी दिसतात आणि जंतू गेल्यावरही त्या बराच काळ दिसतच राहतात, म्हणून आज पोटात जंतू आहे का नाही हे त्या कागदावरून कळत नाही.

एंडोस्कोपीची मला जाम भीती होती, तर त्याचं आधी सांगतो, पाच-सात मिनिटांचं काम आहे. रात्रीपासून उपाशी जायचं, घशात कडू स्प्रे मारतात, घसा बधिर होतो म्हणजे आपण थुंकी गिळतोय का नाही तेच कळत नाही, डाव्या कुशीवर झोपवतात, दातात प्लास्टिकची रिंग, आणि नळी. ओकारी येते, डोळ्यातून पाणी येतं, ढेकर येतात आणि लाज वाटते, पण दुखत नाही. मला बेशुद्ध केलं नव्हतं, भीती फार असेल तर झोपेचं इंजेक्शन देतात, मागून घ्या. जठराच्या खालच्या भागात सूज आणि दोनतीन खरचटल्यासारख्या जागा निघाल्या, अल्सर नाही, भलतंसलतं काही नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून बायको बाहेर बाकावर रडली.

आणि आता मला सगळ्यात आवडलेला भाग. पोटातून साबुदाण्याएवढा तुकडा काढतात आणि एका छोट्या खळग्यातल्या पिवळ्या जेलमध्ये टाकतात. जेलमध्ये युरिया असतो. हा जंतू पोटातल्या ॲसिडमध्ये जगतो तोच मुळी युरिया फोडून, त्याच्याकडे युरिएज नावाचं एन्झाइम असतं, त्याने युरियाचा अमोनिया करतो आणि स्वतःभोवतीचं ॲसिड मारून टाकतो, म्हणजे आपल्यापुरती छत्री उघडून बसतो म्हणा ना. जेलमध्येही तेच करतो आणि अमोनियामुळे रंग बदलतो. मी घशाचा बधिरपणा उतरायची वाट बघत बसलो होतो तेव्हा सिस्टरनी ती पट्टी आणून दाखवली, "बघा दादा, तुमचे बाहेर येऊनपण कामाला लागलेत." पिवळ्याचा राणी कलर झाला होता. चक्क पैठणीचा राणी. आठ वर्षांचं टेन्शन, जागरण, पित्त, सगळं त्या खळग्यात रंगीत झालेलं. एंडोस्कोपी या टेस्टसकट मला ३,८०० ला पडली आणि या रंगाचे मी वेगळे पाचशे दिले असते.

घरी येऊन अर्थात मोबाईलवर वाचत बसलो. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल असे दोन डॉक्टर, वॉरेनना पोटाच्या तुकड्यात हे पिळदार जंतू दिसत होते, पण जगाचं म्हणणं ॲसिडमध्ये जंतू जगूच शकत नाही, अल्सर होतो तो टेन्शनने. (म्हणजे बायकोचं निदान जागतिक दर्जाचं होतं.) जंतू प्लेटमध्ये वाढवायचा तर तोही वाढेना. १९८२ मध्ये ईस्टरची सुट्टी आली, प्लेटा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या, आणि सुट्टीवरून येऊन बघतात तर वाढलेला. तो मुळात सावकाश वाढणारा, आधी दोन दिवसांत फेकून देत होते. तरी लोक ऐकेनात म्हणून १९८४ मध्ये मार्शल साहेबांनी तो जंतूचा काढा स्वतः पिऊन टाकला, काही दिवसांत उलट्या, तोंडाला वास, आणि एंडोस्कोपीत पोटाला सूज. २००५ ला दोघांना नोबेल. मी हे नाईटला लोकांना सांगितलं तर एकजण म्हणाला आमच्या कॅन्टीनची आमटी पिऊनपण हेच होतं, नोबेल कुठाय.

विनोद सोडा, आपल्याकडे हा जंतू खूप लोकांत असतो, बहुतेकांना लहानपणीच घरातून, उष्ट्यातून किंवा खराब पाण्यातून लागतो, आणि बऱ्याच जणांना आयुष्यभर काही होत नाही. काहींना अल्सर होतो आणि थोड्यांना पुढे जाऊन पोटाचा कॅन्सर, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने १९९४ मध्येच त्याला कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या यादीत टाकलंय. म्हणून सापडला तर मारायचा. पण मॅडमनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं, "अल्सर नाहीये तुम्हाला, त्यामुळे जंतू गेला की अपचन शंभर टक्के जाईलच असं नाही. काहींचं जातं, काहींचं राहतं." हे आधी सांगणाऱ्या डॉक्टरला माझ्याकडून एक स्टार तिथेच.

आता मेन माल. जुनं किट परत मिळणार नाही म्हणाल्या, कारण त्यात क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक होतं, त्याला दाद न देणारे जंतू आता बरेच सापडतात, आणि मी तर पाच दिवस घेऊन सोडलेलं, म्हणजे जे टणक होते ते वाचवून उरलेले मारले. स्वतःच्या हाताने सिलेक्शन केलं. (क्वालिटीचा माणूस ना मी.) म्हणून बिस्मथवाला चार औषधांचा कोर्स. बिस्मथ १२० च्या चार, टेट्रासायक्लिन ५०० च्या चार, मेट्रोनिडाझोल ४०० च्या तीन (ही शेवटची दोन अँटिबायोटिक), आणि ॲसिडसाठी एसोमेप्राझोल ४० च्या दोन. दिवसाला तेरा. चौदा दिवस. १८२ गोळ्या. हे मला दिलेलं आहे, तुम्ही बघून घेऊ नका, गरोदर बाई, लहान मुलं, किडनीचा त्रास, बाकीच्या चालू गोळ्या यावर सगळं बदलतं.

पहिला अडथळा मेडिकल. तीन औषधं लगेच, टेट्रासायक्लिन नाहीच. एकजण म्हणाला "दादा ती जुनी गोळी, आता कोण लिहितं, डॉक्सी देऊ का?" मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या परस्पर बदलायचं नाही, शोधा. सीबीएसजवळ नाही, कॉलेज रोडला नाही, शेवटी पंचवटीत एकाने मागवून दिली, दोन दिवस गेले. सगळी औषधं मिळून १,९०० च्या आसपास झाली. सल्ला एवढाच की सगळा माल हातात आल्याशिवाय पहिली गोळी घेऊ नका.

दुसरा अडथळा टायमिंग. एसोमेप्राझोल जेवणाआधी अर्धा तास, बिस्मथ जेवणाआधी आणि झोपताना, टेट्रासायक्लिन जेवणाबरोबर आणि झोपताना, तेही पेलाभर पाण्यासोबत आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून जखम करते. शिफ्टवाल्या माणसाची सकाळ संध्याकाळी असते हे कुठल्याच चिठ्ठीवर नसतं. बायकोने जुना मिसळणाचा डबा काढून दिला, सात वाट्यांचा, मोहरी-हळदीच्या जागी "उठल्यावर", "नाश्ता", "जेवण", "झोपताना" अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि तो डबा चौदा दिवस कंपनीच्या बॅगेत. गोळ्यांना शेवटपर्यंत हिंगाचा वास येत होता. सेक्युरिटीने एकदा उघडायला लावला आणि माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

आणि तिसरा, जो खरा, तो चहा. दुधातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनला धरून ठेवतं आणि औषध अंगी लागत नाही, म्हणून गोळीच्या आधी नि नंतर दोन-दोन तास दूध, दही, ताक, पनीर काही नाही. आता दिवसातून चार वेळा गोळी म्हटल्यावर चहाला जागा कुठे उरली हिशोब करा. मी वहीत गणित मांडून दोन चहा बसवले. पहिले तीन दिवस कोरा चहा पिऊन बघितला आणि मग ठरवलं की त्यापेक्षा नको.

साइड इफेक्ट. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जीभ काळी. जांभळं खाल्ल्यासारखी नाही, कोळसा चाटल्यासारखी. शी पण काळी, आणि मी तर "काळी शी म्हणजे आत रक्तस्राव" हे मॅडमच्याच तोंडून ऐकलेलं, पहाटे पाचला घाम फुटला. बिस्मथमुळे होतं ते, कोर्स संपला की जातं. पण डांबरासारखी चिकट, भयंकर वासाची, वर चक्कर असं असेल तर ते वेगळं, थेट हॉस्पिटल. हे मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, अर्धा स्टार कट. चौथ्या दिवसापासून मेट्रोनिडाझोलने तोंडाची चव नेली. एक रुपयाचं नाणं गालात धरून फिरतोय असं, पाणीसुद्धा लोखंडी, वरणभात लोखंडी, बायको म्हणाली "आज आमटी कशी झालीये" मी म्हटलं बिडाची. मळमळ होती, सातव्या-आठव्या दिवशी जुलाब झाले, दोन दिवसांत थांबले. आठवड्याभराने असं वाटलं की बास, हा आजार परवडला. याच वळणावर सहा वर्षांपूर्वी मी यात्रेला गेलो होतो. यावेळी यात्रा नव्हती एवढंच, माझ्यात काही सुधारणा झाली असं मी म्हणणार नाही. ऑफिसचा सेंड-ऑफ होता, तिथे मी लिंबूपाणी धरून बसलो, मेट्रोनिडाझोलवर दारू घेतली तर उलट्या, धडधड, चेहरा लालबुंद असं सगळं होऊ शकतं, कोर्स संपल्यावरही दोनतीन दिवस नाही.

चौदाव्या दिवशी रात्री डबा रिकामा.

आता राग. कोर्स संपला म्हणजे काम संपलं असं माझ्यासकट सगळ्यांना वाटतं. जंतू गेला का नाही हे परत तपासायचं असतं, कोर्सनंतर किमान चार आठवडे थांबून, आणि परत रक्ताची टेस्ट नाही, तर श्वासाची किंवा शी तपासून त्यातल्या अँटिजेनची, म्हणजे जंतूच्या अंशांची. श्वासाची एकदम सोपी, आधी एका पिशवीत फुंकायचं, मग युरियाचं पाणी प्यायचं, अर्धा तास बसायचं, दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. आत जंतू असेल तर तो युरिया फोडणार आणि त्या युरियातला खूण करून ठेवलेला कार्बन श्वासात येणार. राणी कलरवालीच गंमत, फक्त नळी नाही.

मी पाचव्या आठवड्यात लॅबला गेलो. काउंटरवरच्या ताईंनी विचारलं "उपाशी आहात ना?" आहे. "२,६०० झाले." फुंकलं, रिपोर्ट निगेटिव्ह, पेढे आणायचे बाकी होते. मॅडमनी रिपोर्ट बघून एकच विचारलं, ॲसिडिटीची गोळी कधी बंद केलीत? बंद कुठे, मी आपला सवयीने रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेतच होतो. रिपोर्ट बाद. ती गोळी चालू असली की जंतू दबून बसतो आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, टेस्टआधी दोन आठवडे ती बंद पाहिजे, अँटिबायोटिक आणि बिस्मथ चार आठवडे. लॅबच्या कागदावर हे मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं होतं, घरी येऊन बघितलं. अहो पैसे घेताना तोंडाने एक वाक्य विचारायला काय जातं? फोन केला तर "सर तुम्ही वाचायला हवं होतं." बरोबर आहे ताई, मी वाचायला हवं होतं, माझ्याकडे उपाशीपोटी चष्मा नव्हता. मॅडमनीही चिठ्ठीवर फक्त "४ आठवड्यांनी ब्रेथ टेस्ट" लिहिलेलं, गोळी बंद करायचं लिहिलं नव्हतं, त्यांचाही अर्धा स्टार गेला.

मग ते दोन आठवडे, गोळीशिवाय. हे कोर्सपेक्षा अवघड गेलं. वर्षानुवर्षं घेतलेली ॲसिडची गोळी एकदम बंद केली की पोट उसळून जास्त ॲसिड बनवतं, चौथ्या-पाचव्या दिवशी घशाशी आलं तेव्हा माझी खात्री झाली की जंतू जिवंत आहे आणि हसतोय. मॅडमनी फक्त पांढरं पातळ अँटासिड गरजेपुरतं घ्यायला सांगितलं होतं, त्यावर काढले. दहाव्या दिवसानंतर आपोआप कमी झालं, म्हणजे माझी निम्मी "ॲसिडिटी" त्या गोळीचीच सवय होती की काय. दुसऱ्यांदा फुंकलं, परत २,६००, दुसऱ्या लॅबला. निगेटिव्ह. यावेळी खरा.

आता चार महिने झाले. पहाटे तीनचं कुरतडणं पूर्ण गेलं, हे सगळ्यात मोठं. अडीच भाकरी जाते. वजन दोन किलो परत. ढेकर आहेत, वांग्याचं भरीत आणि हरभऱ्याची डाळ अजून सोसत नाही, नाईटच्या आठवड्यात पोट जड असतंच. मिसळ महिन्यातून एकदा, रस्सा मध्यम, आणि दुसरा दिवस ठीक जातो. फ्रिजवरच्या बाटल्यांपैकी आवळा राहिलाय, कारण तो आईने केलाय आणि तो काढायची माझी हिंमत नाही.

एकूण खर्च मॅडमची फी धरून बारा हजारांच्या जवळ, त्यातले २,६०० निव्वळ चिडचिडीचे. कोर्सला साडेतीन स्टार, एक मेट्रोनिडाझोलच्या चवीचा कापला, अर्धा न सांगितलेल्या काळ्या शीचा. मॅडमना साडेचार. पहिल्या लॅबला एक, तो पण फुंकायची पिशवी चांगली होती म्हणून. बायकोलाही तपासायचं का विचारलं तर मॅडम म्हणाल्या त्रास नसेल आणि घरात पोटाच्या कॅन्सरची हिस्ट्री नसेल तर सरसकट नको. बायको म्हणाली मला काही होत नाही, तुमच्या मिसळणाच्या डब्याचं काय ते सांगा, तो तसाच पडलाय. चिठ्ठ्या खरवडल्या, पण "झोपताना" निघता निघत नाही. सध्या त्या वाटीत जिरं आहे.